मिटण्याआधी

लिफ्टचं दार मिटत आलं, थबकलं, पुन्हा पूर्ण उघडलं आणि मगच बंद झालं.

"बघितलंत? रोजचं नाटक आहे हे," म्हस्के वहिनी म्हणाल्या. "आज काढूनच टाका."

सोसायटीचे सेक्रेटरी भालचंद्र इनामदार यांनी लिफ्ट कंपनीच्या रुक्सानाला त्यासाठीच बोलावलं होतं.

"बिघाड नाहीये काका," रुक्साना म्हणाली. "जगातल्या सगळ्या यंत्रांचा संगणकी कोड आता एकाच कोठारात असतो. आम्ही दाराचं काम हाती घेतलं की पुढच्या ओळी कोठारच सुचवतं आणि आम्ही हो म्हणतो. मेट्रो, जहाजं, अंतराळयानं, सगळी दारं अशीच वागतात. का, ते कुणी विचारत नाही."

"पण पहिल्यांदा कुणी लिहिलं?" भालचंद्रांनी विचारलं.

तिनं शोधून फोन पुढे केला. नाव होतं शैलजा इनामदार. खाली एक ओळ होती: 'बंद करण्याआधी एकदा बघावं, कोणी राहिलंय का.'

भालचंद्र भिंतीला टेकले. प्रोग्रामर असलेल्या त्यांच्या बायकोला, शैलजाला, जाऊन वर्ष होत आलं होतं. बाहेर पडताना कुलूप लावलं की ती ते पुन्हा उघडायची, आत डोकावायची, मगच निघायची.

"अशी किती दारं असतील गं?"

"मिटणारं प्रत्येक, काका."

"मग काढताय ना?" वहिनींनी विचारलं.

"राहू दे वहिनी. शैलजाचं आहे ते."

वहिनी लिफ्टमध्ये शिरल्या. मिटता मिटता दार पुन्हा उघडलं, तेव्हा त्या कोपऱ्यात सरकल्या आणि त्यांनी आत एकाची जागा केली.