खुणेचं नाव

सासरी सगळेच बहिरे, ऐकू येणारी काय ती सूनबाई एकटी. त्या घरात प्रत्येकाला खुणेचं नाव होतं. सासऱ्यांचं नाव मिशीला पीळ, नणंदेचं गालावरची खळी. ते मागून मिळत नाही, आपल्या माणसांनीच द्यायचं असतं. लग्नाला वर्ष होत आलं तरी सुनेचं नाव मात्र पाहुण्यासारखं बोटांवर एकेक अक्षर करून सांगितलं जाई.

त्या संध्याकाळी पडद्यांच्या रंगावरून सासूबाईंशी जुंपली. सासूबाईंचे हात सपासप चालत होते, सुनेची बोटं अडखळत होती. शेवटी तिचं डोकं फिरलं आणि तिनं उठून सरळ दिवाच बंद केला. सासूबाईंचा टोमणा अंधारात अर्धाच राहिला.

"मेले आता," सून पुटपुटली. त्या घरात याहून मोठा उर्मटपणा नव्हता. सासूबाईंनी दिवा लावला, तिच्याकडे रोखून पाहिलं आणि तरातरा आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मावससासूबाई आल्या, त्याही बहिऱ्याच. सासूबाईंनी सुनेला हाताला धरून पुढे ओढलं. "ही आमची सून," त्यांनी हातांनी सांगितलं. "हिचं नाव..."



आणि हसू दाबत त्यांनी एका बोटानं हवेतलं बटण बंद केलं.