अंघोळीची टोपी

हिंगाची फोडणी तडतडली आणि छतावरचा धुराचा गजर किंचाळला.

"अय्यो, काकू! आपल्या बनशंकरीत कुणाच्या स्वयंपाकघरात असलं काही असतं का?" संहिता कानांवर हात ठेवून दारातच हसत उभी राहिली. दोन महिन्यांपूर्वी आईवडलांबरोबर ती वरच्या मजल्यावर राहायला आली होती.

नयनाने गॅस बंद केला. खिडकी मात्र उघडली नाही. गजर आपला आपण थांबेपर्यंत ती त्याच्याखाली मान वर करून उभी राहिली. तीन वर्षं रोज ती अशीच उभी राहत होती.

संहिता शुक्रवारी शिकायला परदेशी निघाली होती. "आई म्हणाली, यादी काकूंना दाखव. तुमचा प्रणीत त्याच गावात होता ना," ती आवाज खाली आणत म्हणाली. प्रणीत तिथेच अपघातात गेला, एवढंच वरच्या मजल्यावर ठाऊक होतं.

बाहेरच्या खोलीत तिचे यजमान नरसिंहराव संगणकावर टकटक करत होते. मुलाच्या तिथल्या घरमालकाला ते दर आठवड्याला एकच प्रश्न विचारत. आग लागली त्या रात्री गजर का वाजला नाही?

नयना यादीवर बोट फिरवू लागली. तापाच्या गोळ्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. विम्याचे कागद. लोकरीचे मोजे. चटणीपुडी. शॉवर कॅप, दोन.

"दोन कशाला गं?"

"एक माझ्या डोक्याला, एक गजराच्या! फोडणी दिली की बोंबलतो म्हणे तिकडे. तिथल्या मराठी मुलांच्या ग्रुपवर प्रत्येक नव्याला ही युक्ती देतात. कुणाच्या तरी आईचा व्हॉइस मेसेज आहे, फार मजेशीर म्हणे. मी पण अजून ऐकला नाही. थांबा, लावते."

फोनमधून एक हसरा आवाज आला. "अरे राजा, त्या गजराला भिऊन ब्रेडवर दिवस काढू नकोस. अंघोळीची टोपी घाल त्याच्या डोक्यावर नि निवांत दे फोडणी. स्वल्प हिंग जास्त घाल, पोटाला बरं. सरी? ठेवते."

काकूंच्या तोंडचा तो नेहमीचा कानडी 'स्वल्प' ऐकताच संहिताचं हसू विरलं. बाहेरची टकटक थांबली.

नयनाने तो मेसेज आपल्या फोनमधून प्रणीत गेला त्याच आठवड्यात पुसून टाकला होता. नरसिंहरावांच्या कानावर तो कधी जाऊ दिला नव्हता. प्रणीतने कौतुकाने तो मित्रांना पाठवला असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"काकू, हा तर तुमचा..."

"किती मुलं आहेत त्या ग्रुपवर?"

"दोनशेच्या वर."

"मला बोलायचंय त्यांच्याशी. कुठे दाबायचं?"

संहिताने बटण दाबून फोन तिच्यापुढे धरला. नरसिंहराव दारात आले होते. चष्मा त्यांच्या हातातच राहिला होता. नयनाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"मी प्रणीतची आई बोलतेय," ती म्हणाली. "ती टोपी मीच घालायला सांगितली होती. त्याने ऐकलं माझं. त्या रात्री..."

फोनवरचे सेकंद पुढे सरकत होते.

तिने गॅस पेटवला. पळीतल्या तेलात हिंगाची डबी उपडी केली. धूर चढू लागला तसा तिने संहिताच्या हातून फोन घेतला आणि हात पोचेल तितका उंच, छताकडे धरला.

गजर वाजू लागला. नरसिंहरावांनी खिडकीच्या कडीकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला.