लेकराचं वय

केमोथेरपी सुरू होण्याआधी मंजुषानं लातूरच्या एका दवाखान्यात आपली बीजांडं गोठवून ठेवली. लग्न अजून व्हायचं होतं, आणि पुढं कधी मूल व्हायचं तर तेवढी एकच आशा होती. त्याच दुपारी उदगीरला परतताना एसटीत कंडक्टरनं तिकीट काढता काढता विचारलं, "लेकराचं वय किती, ताई?"

शेजारची सीट रिकामी होती. "माझ्यासोबत कुणी न्हाई," ती म्हणाली. त्यानं एकदा त्या सीटकडं पाहिलं आणि पुढं गेला.

मग उपचार घेऊन लातूरहून निघाली की दर वेळी तोच प्रश्न. गाडी वेगळी, कंडक्टर वेगळा. गर्दीतल्या बायकासुद्धा "बसू द्या लेकराला" म्हणत उभ्याच राहायच्या.

शेवटच्या केमोनंतर तिच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. कंडक्टरनं वय विचारलं तशी ती ओरडली, "कुणाचं लेकरू? माझं न्हाई ते!"

तिनं डोळे मिटून घेतले.

नळेगाव मागं पडल्यावर कंडक्टर तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "उतरलं बघा ते, नळेगावला. लई वेळ तुमच्याकडंच बघून राहिलं होतं."

"गाडी थांबवा!"

गाडी थांबली. मंजुषा खाली उतरली आणि धडपडत आल्या वाटेनं पळू लागली. उन्हात रस्ता लांबवर मोकळा पडला होता. हाक मारायला तिनं तोंड उघडलं, पण काय नाव घ्यावं, तेच तिला कळेना.