फोटोतलं हसू

पिशवीतला फोन वाजला तेव्हा मुली बुटांच्या नाड्या बांधत होत्या. मॅचच्या आधी सगळ्यांचे फोन संघाच्या कोच असलेल्या ताईंच्या पिशवीत जमा व्हायचे, हा ताईंचाच दंडक. वाजत होता तो चिमणीचा. चिमणी म्हणजे संघाची कॅप्टन. उंची बेताची, म्हणून हे नाव पडलेलं. पण चेंडू हातात आला की धिप्पाड पोरींच्या बगलेखालून भुर्रकन निसटायची. सलग नऊ वर्षं बास्केटबॉलचा चषक याच कॉलेजच्या मुलींनी आणला होता. आजच्या फायनलची सगळी भिस्त तिच्यावर होती.

ताई फोन घेऊन व्हरांड्यात आल्या. पलीकडे चिमणीचे काका होते.

"दादाचं, म्हणजे तिच्या बाबांचं, काही खरं नाही हो. डॉक्टरांनी हात टेकलेत. सारखा तिचं नाव घेतोय. तिला पाठवा."

दाराशी प्राचार्य उभे होते. त्यांनी ताईंचा चेहरा पाहून विचारलं, सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"वाईट झालं. पण दोन तासांचाच तर प्रश्न आहे. मॅच होऊ दे, मग सांगू. मी स्वतःच्या गाडीनं सोडतो तिला. आणि तुम्हाला मी काय सांगायचं? तुम्ही तर..."

पुढचं त्यांनी गिळलं. ते अख्ख्या कॉलेजला तोंडपाठ होतं. मुलींचा पहिला संघ निघाला तेव्हा त्यांना कुणी विचारत नव्हतं. मुलं खेळून दमली की मैदान मिळायचं. मुलांच्या जुन्या बनियनांवर आकडे शिवून त्या खेळायच्या. त्याच संघानं पहिला चषक आणला, आणि त्या दिवशी कॅप्टनची आई घरी शेवटच्या घटका मोजत होती. तरी कॅप्टन मैदानातून हलली नाही. ती कॅप्टन म्हणजे ताई. ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर तो फोटो होता. चषक डोक्यावर धरलेला आणि ताई तोंडभर हसताहेत. नवी मुलगी संघात आली की थोरल्या मुली तिला आधी या फोटोसमोर उभी करायच्या. काळीज असावं तर असं, म्हणायच्या.

ताई आत गेल्या. चिमणीसमोर उकिडव्या बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि जे होतं ते सांगितलं.

चिमणीचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिनं राहिलेली नाडी ओढून घट्ट बांधली.

"मी खेळणार, ताई. मॅच संपली की निघते." भिंतीकडे बोट दाखवत ती म्हणाली, "तुम्हीही खेळलातच ना?"

 ताई उठल्या, फोटोपाशी गेल्या आणि मुलींकडे वळल्या.

"ही बाई कशी हसतेय बघा जरा. आई मरायला टेकलीय हे ठाऊक असलेलं माणूस असं हसतं का ग?"

मुली फोटोजवळ सरकल्या.

"मला कुणी सांगितलंच नव्हतं. फोन सकाळीच कॉलेजात आला होता. आमच्या सरांनी तो घेतला आणि निरोप मनातच ठेवला. चषक हातात आल्यावर मला बाजूला घेऊन सांगितलं. घरी पोचले तर अंगणात माणसं जमलेली. पेपरात आलं, आईपेक्षा खेळ मोठा मानणारी मुलगी. त्या एका बातमीवर आपल्याला मैदान मिळालं, पुढं हा हॉल मिळाला. पोरींचं भलं होतंय म्हणून मी तोंड उघडलं नाही. पण तू माझ्याकडे बघून थांबू नकोस, बाळ. मी थांबले नव्हते. मला थांबवलं होतं."

चिमणीनं खाली मान घातली. तिची बोटं नाडीशी झटापट करू लागली, पण ओढून बांधलेली गाठ सुटेना. शेवटी शेजारची मुलगी खाली वाकली आणि तिनं दातांनी ती सोडवली.

प्राचार्य दारातच होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. घसा खाकरून ते एवढंच म्हणाले, "चल पोरी. गाडी काढतो." फायनलला त्यांच्या नावाची खुर्ची रिकामी राहिली.

मुली हरल्या. थोडक्यात नव्हे, चांगल्या सपाटून हरल्या. चिमणीच्या जागी उतरलेली पोर इतकी घाबरली होती की चेंडू तिच्या हातात ठरेना. नऊ वर्षांत पहिल्यांदा हॉलमध्ये दुसऱ्या कॉलेजच्या घोषणा घुमल्या. चषक घ्यायला दुसरीच कॅप्टन पुढं गेली तेव्हा ताई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, आणि त्यांच्या मुली त्यांच्याकडे बघून वाजवत होत्या.

संध्याकाळी हॉल रिकामा झाला. ताई कुलूप घालत होत्या तेवढ्यात चिमणीचा फोन आला. आवाज रडून बसलेला होता.

"बाबा गेले, ताई. मघाशीच. पण मी पोचले होते. त्यांनी ओळखलं मला. बोलले माझ्याशी." मग घुटमळत तिनं विचारलं, "आपण... जिंकलो का?"

"ते राहू दे," ताई म्हणाल्या. "काय म्हणाले ग ते? मला सगळं सांग."

आणि आपल्याच आईचे शेवटचे शब्द ऐकायला बसावं, तशा त्या हॉलच्या पायरीवर बसल्या.