दुधाचे डाग

आईने दाराला आतून कडी लावली आणि धुवायला टाकलेली कुर्ती शर्वरीसमोर धरली. छातीवर दुधाचे डाग होते.

"कोण आहे तो?"

"कुणी नाही गं आई. तुझी शपथ."

पाळीही कित्येक महिने आली नव्हती. आपल्याच अंगाची शर्वरीला भीती वाटू लागली. आईने वडिलांना काही कळू दिलं नाही. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तिला मिरजेला दवाखान्यात नेलं.

रक्ताचा आणि एमआरआयचा रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाल्या, "ही गरोदर नाही. मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी नावाची ग्रंथी असते, तिच्यात गाठ झाली आहे. त्यानेच दूध येतं, पाळी थांबते. बहुतेक वेळा गोळ्यांनी गाठ आकसते. पण डोळ्यांच्या नसांवर दाब आहे, नजर जपावी लागेल."

शर्वरीने घाबरून आईचा हात धरायला हात पुढे केला.

आईने डोळे मिटून हात जोडले होते. "देवा, गाठच निघाली रे! अब्रू वाचली."

शर्वरीने हात मागे घेतला. "डॉक्टर," तिने विचारलं, "पुढच्या वेळी मी एकटी आले तर चालेल?"