सात दाबलं की घर

इंदूने शाळेच्या कार्यालयातून घरी फोन लावला. खुब्याचं हाड मोडलेल्या आईला उठायची बंदी, त्यामुळे फोन उचलायचं ते निरोप टिपणारं यंत्र. मग सात दाबलं, की घरातला आवाज इथे ऐकू यायचा. रोज दुपारी आई खाटेवर पडल्या पडल्या ओवी गुणगुणत असायची. ती घटकाभर ऐकून इंदू मुकाट्याने फोन ठेवायची.

आज ओवी नव्हती. नुसता पंखा किरकिरत होता. खोकला नाही, कूस बदलताना वाजणारी खाट नाही. घर एसटीने तासभर लांब, आणि कुलपाची किल्ली हिच्याच पर्समध्ये.

तिने आठ दाबलं. आता हिचा आवाज तिकडे जाणार होता. "आई! अगं, ओ दे गं!" सगळं कार्यालय वळून बघू लागलं. पुन्हा सात. पंखा. नुसता पंखा.

"फुटला बाई एकदाचा कंठ!" पलीकडून आई म्हणाली. "महिनाभर चोरून ऐकतेस. घंटा वाजते, यंत्र खटकतं, निरोप मात्र कुणाचाच नाही, मला काय कळत नाही? आज म्हटलं, आपण गप्प बसावं, बघू तरी बोलते का."

इंदूने डोळे पुसले आणि आठ दाबलं.