हात सोड तिचा

"अरे, हात सोड तिचा!" पुष्कर म्हणाला.

"परत," रेवा म्हणाली.

अनयने तिचं मनगट धरलेलंच होतं. पुष्कर थोडा मागे गेला, तरातरा पुढे आला आणि तेच वाक्य म्हणाला. रेवाने नकारार्थी मान हलवली.

"अगं, किती वेळा? घसा बसला माझा," पुष्कर करवादला. "एवढंसं पथनाट्य. त्यात माझं एकच वाक्य."

"मग तेवढं तरी नीट म्हण ना."

तिरुवान्मियूरच्या समुद्रावर सकाळचं ऊन चढायला लागलं होतं. कॉलेजात तालीम केली की बघ्यांची गर्दी होते, म्हणून तिघं इथे आली होती. लैंगिक छळाविरुद्धचा सप्ताह सोमवारपासून होता, त्यात हे पथनाट्य करायचं होतं. आणि त्याच सोमवारी तो सीनियरही कॉलेजात परत येणार होता, एका सेमिस्टरची शिक्षा संपवून.

डिसेंबरात लायब्ररीच्या जिन्यावर त्याने रेवाचं मनगट धरलं, तिला भिंतीशी दाबलं आणि नको तिथे हात घातला. भर दुपारी. जिन्यावरून माणसं जात-येत होती. एक जण तर 'एक्स्क्यूज मी' म्हणून बाजूने वर निघून गेला! रेवाने तक्रार केली, कॉलेजच्या समितीपुढे सगळं सांगितलं, त्याला शिक्षा झाली. रीतसर म्हणतात तसं सगळं झालं. पण डोळे मिटले की तिला तो सीनियर आठवायचा नाही. आठवायची ती स्वतःच, भिंतीला टेकलेली, आता कुणीतरी बोलेल म्हणून कान देऊन उभी.

आपल्यासाठी कुणीतरी एकदा ओरडावं, एवढंच तिला हवं होतं. आता वेडेपणाच की हा. होऊन गेलेल्या गोष्टीत कोण येऊन ओरडणार? पण हवं होतं, जीव तुटेस्तोवर हवं होतं, त्याला ती तरी काय करणार? म्हणून तर पुष्कर नको नको म्हणत असताना तिने ही भूमिका मागून घेतली होती.

पुष्कर पुन्हा ते वाक्य म्हणाला. आवाज चांगला खणखणीत होता. पण अनय हात सोडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ते आवाजात ऐकू येत होतं.

"तू घट्ट धर रे," ती अनयवर घसरली. "हे काय, पाणिग्रहण करतोयस का?"

अनय ओशाळला. मग त्याने खरंच घट्ट धरलं. रेवाने हिसडा दिला. "सोड! सोड मला!" हे शब्द नाटकातलेच होते, पण आवाज असा काही निघाला की पुष्कर आपलं वाक्यच विसरला. तोंड उघडं टाकून उभा राहिला. फिरायला आलेली एक बाई वळून बघत थबकली, मग कानातला इअरफोन नीट बसवून झपाझप पुढे गेली.

"डेय! कैय विडुडा!"

पाण्याच्या बाजूने एक म्हातारा पळत येत होता. पळत म्हणायचं आपलं. पाय वाळूत रुतत होते, एक चप्पल मागेच राहिली होती, एका हातात वेष्टीचा, म्हणजे धोतराचा, सोगा सावरलेला. हात सोड, हात सोड, असं तो तमिळमध्ये ओरडत होता. आला तो दोघांच्या मध्येच घुसला आणि त्याने अनयच्या छातीवर असा धक्का दिला की तो सहा फुटी गडी मटकन वाळूत बसला.

"अहो, नाटक! नाटक आहे आजोबा!" घाबरून पुष्करच्या तोंडून मराठीच निघालं.

"अहो, पळूं नका म्हणून डाक्टर सांगितले की!" मागून म्हातारी धापा टाकत आली. तिची मराठी जुनी, तंजावरकडच्या घरांतली, आणि तिला तमिळचा हेल. "ऐकतच नाहींत हे!"

"नाटक?" म्हातारा म्हणाला. "मला वाटलें, खरेंच."

पुष्करला हसू आवरेना. अनयही वाळू झटकत हसायला लागला. म्हातारी चप्पल आणायला वळली.

रेवा हसली नाही. म्हातारा अजून तिच्यासमोर पाठमोरा उभा होता. पसरलेले हात खाली घ्यायचं तो विसरला होता. सदरा घामाने पाठीला चिकटला होता आणि खांदे थरथरत होते.

"आजोबा, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की," तो वळून म्हणाला. "अजून वाटतें. हे बघ, पाय कसे कापतात."

रेवाने त्याची बाही धरली. समितीपुढे तिचा आवाज एकदाही हलला नव्हता. आईशी फोनवर बोलतानाही नाही. आता मात्र ती हमसून रडायला लागली, आणि शाळेतून न्यायला उशिरा आलेल्या माणसावर पोर चिडावं, तशी त्या परक्या म्हाताऱ्यावर चिडली.

"डिसेंबरात कुठे होता तुम्ही? कुठे होता?"

पुष्करचं हसू थांबलं. म्हातारी चप्पल हातात घेऊन एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली.

म्हाताऱ्याला डिसेंबरातलं काहीच ठाऊक नव्हतं. बाही त्याने सोडवून घेतली नाही.

"चुकलें ग बाळा," तो म्हणाला. "यायला पाहिजे होतें."